राजधानीचा फोटो

शुक्रवार

शुक्रवारचं लग्न आटोपलं, पुढचं काम सोमवारी, बेळगावातच एक हळद. मधे कॅमेऱ्याला सुट्टी. निपाणीला जाऊन परत यायचं म्हणजे पेट्रोल आणि झोप दोन्ही वाया, म्हणून इथंच मुक्काम करायचं ठरलं. बरोबर भाचा. तो माझा असिस्टंट. लाइट धरतो, बॅटऱ्या चार्ज करतो आणि ग्रुप फोटोत तोंड पाडून बसलेल्या काकांना हसवतो, जे मला आजवर जमलेलं नाही.

एका लॉजवर विचारलं. ‘खोली न्हाई वो. सोमवारपास्नं अधिवेशन.’ दुसरीकडं तेच. त्याच्या पुढच्या लॉजवरच्या मॅनेजरनं तर मान वर न करताच हात हलवला. मंत्र्यांचे पीए, ड्रायव्हर, पोलीस, पत्रकार, सगळा लवाजमा पाचशे किलोमीटरवरच्या बंगळूरहून इथं यायला निघालेला. डिसेंबर आला की कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथं भरतं आणि थोडे दिवस बेळगाव राजधानी होतं. राजधानीत आम्हांला जागा नाही एवढंच.

मग शहापूरला आत्याकडं. कपिलेश्वराच्या पुलावरून रूळ ओलांडले की आलंच. आत्या दारातच म्हणाली, ‘आलास गा? लग्नात जेवलास म्हणून हितं उपाशी झोपायचं न्हाई हं.’ ताटात भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. मी लॉजची कथा सांगितली, राजधानी राजधानी म्हणून जरा कुरकुर केली. तशी ती म्हणाली, ‘कसली राजधानी? आमची राजधानी सांगली.’ थट्टा नव्हती ती. शहापूर 1948 पर्यंत सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होतं. रुळापलीकडचं बेळगाव इंग्रजांचं, अलीकडचं शहापूर सांगलीचं. आत्याचे सासरे कज्जा लागला की सांगलीकडं तोंड करायचे.

भाचा मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, ‘मामा, ह्या एका जिल्ह्यात राजधान्या तरी किती?’ जेवता जेवता मोजायला लागलो. हलशी कदंबांची. सौंदत्ती रट्टांची, आणि तिथून उठून ते आले ते हे बेळगाव, त्यांचं वेणुग्राम. कित्तूर देसायांचं. आणि हायवेवरचा सुवर्ण विधानसौध, म्हणजे अधिवेशनाची इमारत. सौंदत्ती तिथल्या तिथं कटाप केली. मार्गशीर्षातली यल्लम्माची यात्रा जवळ आलेली. आमच्या निपाणीकडची अर्धी माणसं बैलगाड्या नि ट्रॅक्टर घेऊन त्याच रस्त्याला असणार. बाकीच्या ठिकाणी जायचं आणि राजधानीचा फोटो काढायचा, असा बेत ठरला. राजधानीचा म्हणजे नेमका कशाचा, ते तिथं गेल्यावर बघू.

शनिवार

सकाळी लवकर किल्ल्याकडं. सेंट्रल बसस्टँडच्या जवळच आहे, पण बेळगावात वर्षानुवर्षं राहून आत न गेलेली माणसं मला माहीत आहेत. स्टँडवरून पणजीची कदंबा बस बाहेर पडत होती. उद्या ज्यांच्या गावाला जायचं त्या राजांच्या नावाची गाडी आज समोरून गेली. गोव्यानं आपल्या बस महामंडळाला कदंबांचं नाव दिलंय. त्या कदंबांची एक राजधानी आमच्या खानापूर तालुक्यात आहे, हे त्या बसमधल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

किल्ल्यासमोरच्या तलावाकाठी 110 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे, 2018 साली उभारलेला. पहिला फोटो तिथं काढला. पाणी, स्तंभ, दात घासत फिरणारा एक म्हातारा. मग खंदक, दरवाजा, दरवाजापाशी दुर्गेचं देऊळ, आणि आत गेल्यावर लष्कर. किल्ल्याचा मोठा भाग सैन्याकडं आहे. त्या बाजूला कॅमेरा बॅगेत ठेवायचा, विचारायचंसुद्धा नाही.

कमल बस्ती मात्र सगळ्यांना खुली आहे. 1204 साली बांधलेलं जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्यानं बांधलं. आत काळ्या दगडाचे नेमिनाथ. पुढचा मंडप उघडा, खांब चरकावर फिरवलेले. हे खांब नीट बघावेत. दगड असा घोटलाय की बाहेरून येणारं ऊन त्याच्या कंगोऱ्यावर रेघेसारखं उतरतं, आणि आपण एक पाऊल सरकलो की रेघही सरकते. मी अर्धा तास त्या एका खांबाभोवती फिरलो. भाचा कंटाळून पायरीवर बसला.

छतात कमळ आहे. त्यावरून बस्तीचं नाव. 72 पाकळ्या, मागच्या काळाचे 24 तीर्थंकर, आताचे 24 आणि पुढं व्हायचे 24, असा हिशेब. खाली उभं राहून फोटो काढला तर कमळ तिरकं येतं. म्हणून फरशीवर उताणा झोपलो, कॅमेरा छातीवर, वाइड लेन्स, स्क्रीनवर बघत बरोबर मधोमध आणलं. उजेड कमी, शटर सावकाश, श्वास धरून. दर्शनाला आलेल्या एका आजींनी मला ओलांडायच्या आधी थांबून विचारलं, ‘बरं वाटंना झालंय काय बाळ?’ भाचा हसून लोळायचाच बाकी राहिला. पण फोटो आला. लग्नाच्या हंगामात असा एक फोटो आला तर मी त्याचे पैसे वेगळे लावीन.

या बस्तीचे दोन कानडी शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. 1818 च्या एप्रिलमध्ये किल्ला इंग्रजांच्या हातात गेला, त्यानंतर अशा बऱ्याच गोष्टी इथून निघाल्या. शिलालेखात दान दिलेली जमीन, दुकानं, व्यापाऱ्यांनी द्यायचा वाटा, असा सगळा व्यवहार लिहिलेला असतो. राजधानीचं कामकाज लंडनला आणि कमळ इथं, अशी वाटणी झाली.

जवळच चिक्क बस्ती. तिची पडझड झालीये, पण नक्षी तितकीच देखणी. सफा मशीद लष्करी हद्दीत. आदिलशाहीतला सरदार असदखान लारी, त्यानं 1519 मध्ये बांधली. तिच्या खांबांवर रट्टांचे आणि यादवांचे लेख आहेत, म्हणजे खांब आधीच्या इमारतींचे. आम्ही लांबून बघितली.

मग भाच्यानं प्रश्न केला तो बरोबर होता. ‘सगळं बघितलं मामा, राजा कुठं बसायचा?’ मी इकडं तिकडं बघितलं. रट्टांचा वाडा नाही, सदर नाही, तबेला नाही. खंदक आणि तट दिसतो तो नंतरच्यांनी वाढवलेला. राजा, प्रधान, कारकून, फौज, सगळं होतं. त्यातलं उभं राहिलं ते एका मंत्र्यानं बांधलेलं मंदिर.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. 1892 च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले. आधी भाटे वकिलांच्या घरी राहिले, मग हरिपद मित्र या जंगलखात्यातल्या बंगाली अधिकाऱ्याकडं. त्यांचा इथं काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. शिकागोला जायच्या आदल्या वर्षीचा, नाव फारसं कुणाला माहीत नसतानाचा. आमच्या धंद्यातल्या कुणीतरी काचेची प्लेट लावून ‘हलू नका स्वामी’ म्हटलं असणार. मला बेळगावातल्या सगळ्या इतिहासात तो फोटोग्राफर जवळचा वाटतो.

दुपारी खडेबाजार, गणपत गल्ली. इथं मला काही शोधावं लागत नाही. फुलवाली, हातगाडीवरचे पेरू, नऊवारीतल्या दोघीजणी भांड्याच्या दुकानात घमेलं उलटं करून ठोकून बघताहेत, आणि दुकानदार एका वाक्यात मराठी, कानडी, हिंदी तिन्ही वापरून भाव सांगतोय. पाट्यांवर कानडी ठळक. बोलणं मात्र गल्लीप्रमाणं. आमच्या धंद्यातही तेच: पत्रिका एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं कानडी, आणि अल्बमवर नाव कुठल्या लिपीत टाकायचं यावरून दोन्ही घरांची बैठक बसते. ती बैठक आम्ही मिटवत नाही. जी बाजू अॅडव्हान्स देईल तिची लिपी.

कुंदा घेतला, अर्धा वाटेतच संपला. संध्याकाळी टिळकवाडीत काँग्रेस विहीर. 1924 च्या डिसेंबरातलं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं; गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. पाण्यासाठी विहीर खणली ती अजून आहे, शेजारी वीरसौध. ऊन गेलं होतं, फोटो सपाट आले. आठवण म्हणून ठेवलेत, दाखवण्यासारखे नाहीत.

रविवार

आत्यानं पहाटेच डबा बांधून दिला. खानापूरच्या रस्त्याला धुकं होतं. मलप्रभेचा पूल ओलांडला तरी नदी दिसली नाही. खानापूर सोडून हलशीच्या वाटेला लागलो की मुलूख बदलतो. भाताची कापलेली खाचरं, कौलारू घरं, झाडी. इथं मराठी ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत, गावंच्या गावं मराठी.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका. बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी, पाचव्या-सहाव्या शतकात. इथं सापडलेल्या ताम्रपटांत काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा अशी नावं येतात. मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ इथं जिनालय बांधलं, असं एका ताम्रपटात आहे. पुढं पाचशे वर्षांनी गोव्याचे कदंब आले. त्यांची मुख्य राजधानी समुद्राकाठी गोपकपट्टण, आणि घाटावरची ही.

भूवराह-नृसिंह मंदिर गावातच, दगडी आवारात. वर कदंबांचं ओळखीचं शिखर, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं. आतली रचना मी दुसरीकडं पाहिलेली नाही. मंडपाच्या दोन्ही टोकांना गाभारे, समोरासमोर. एकीकडं नृसिंह-नारायण, दुसरीकडं भूदेवीला उचलून धरलेला वराह, माणसाएवढा. नृसिंहाच्या बाजूचा लेख 1169 चा, शिवचित्त परमाडी राजाच्या काळातला. वराह पुढं काही वर्षांनी त्याचा भाऊ विजयादित्य यानं बसवला. मी वराहाकडं कॅमेरा धरला तर भाचा कुजबुजला, ‘मामा, मागच्या देवाकडं पाठ झाली.’ वळलो. ‘आता ह्या देवाकडं.’ शेवटी खांबाला टेकून, आडवा उभा राहून दोन्हीकडं एकेक खांदा केला. पुजाऱ्यांना विचारून लांबूनच, फ्लॅश न मारता, मंडपाचे फोटो घेतले. दगड काळा, आत समईचा उजेड, आणि दोन्ही टोकांना तेवढेच दोन पिवळे ठिपके. एका फ्रेममध्ये दोन्ही येत नाहीत. कुठलीही लेन्स लावा, एक देव मागं राहतोच.

आवारात एक आजी वाळलेली पानं गोळा करत होत्या. ‘पेपरवालं काय?’ म्हणाल्या. नाही म्हटलं, लग्नाचे फोटो काढतो. ‘मग हितं कोनाचं लगीन?’ मी म्हटलं, इथं राजधानी होती ना आजी, ती बघायला आलोय. ‘व्हती म्हंत्यात. आता बायकास्नी बसचं तिकीट माफ केल्यालं हाय, पर बस याला नको?’ त्यांचा फोटो काढू का विचारलं. पदर नीट केला, खराटा बाजूला टाकला आणि पासपोर्टला बसल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, खराटा घ्या हातात, छान दिसताय. ‘फोटोत खराटा? सुना हसत्यात.’ ताठ उभ्या असलेलाच काढला. तोच चांगला आला.

कल्मेश्वर, सुवर्णेश्वर, जैन बस्ती, पडलेली-उभी देवळं गावात आणि भोवती विखुरलेली आहेत. इथंही तेच. कुणाचा वाडा कुठं होता, दाखवणारं कुणी नाही. राजांनी स्वतःसाठी माती-लाकूड वापरलं आणि देवासाठी दगड. माती गेली. फोटोग्राफरच्या दृष्टीनं हे सोयीचं आहे, कारण माणूस नसलेल्या राजवाड्याचा फोटो अल्बममध्ये कधीच चालत नाही. देवळात निदान कुणीतरी असतं.

नंदगडला थोडं थांबलो. संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये इथं फाशी दिली. समाधीवर पाळणे बांधलेले. मूल व्हावं म्हणून नवस करतात. इंग्रजांनी फासावर दिलेला कित्तूरचा शिपाई पाळणे हलवणारा देव झालाय. पुढं बिडीवरून कित्तूरचा रस्ता धरला. इथून मराठी हळूहळू मागं पडते, चहाच्या टपरीवर ‘बर्री, कूडरी’ (या, बसा) सुरू होतं, आणि चहा जास्त गोड.

कित्तूरच्या अलीकडं देगाव. कमलनारायण मंदिर, त्याच शिवचित्त परमाडीच्या राणीनं, कमलादेवीनं बांधवलेलं. ओळीनं तीन गाभारे आणि पुढं लांबलचक मंडप. शिल्पकाराचं नाव तिप्पोज. राजाची तारीख मला वाचल्यावर दहा मिनिटांत विसरायला होते, पण कारागिराचं नाव कोरलेलं असलं की लक्षात राहतं. दुपारचं ऊन खाली आलेलं, खांबांच्या सावल्या फरशीवर तिरक्या. आम्हां दोघांशिवाय मंडपात एक कुत्रं. डबा तिथंच पायरीवर उघडला, कुत्र्यालाही भाकरी दिली.

कित्तूर. आणि इथं पहिल्यांदा राजा राहायचा ती जागा मिळाली.

किल्ल्याच्या आत वाड्याच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर गेलेलं. खोल्या ओळखू येतात. कोनाडे, न्हाणी, पाण्याची टाकी, जाड भिंतीत ध्रुवतारा दिसावा म्हणून बसवलेली नळी. भाच्यानं दिवसाउजेडी डोळा लावून बघितलं आणि ‘दिसला’ म्हणाला. बाजूला संग्रहालय, लाकडी कोरीव दारं-खिडक्या, तलवारी, जुने दगड.

1824 च्या सप्टेंबरमध्ये इथला राजा शिवलिंगरुद्र सर्जा वारला. दत्तक घेतला, कंपनीनं तो मानला नाही, खजिन्याला कुलूप लावायला निघाले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला आणि 23 ऑक्टोबरला याच किल्ल्यापुढं मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठ्या तयारीनं परत आले, किल्ला पडला. राणी चेन्नम्माला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं. तिथंच 1829 मध्ये ती गेली. डलहौसीनं संस्थानं खालसा करायला घेतली त्याच्या जवळपास पाव शतक आधीची ही गोष्ट. आम्ही शाळेत झाशी घोकली, कित्तूर आमच्याच जिल्ह्यातलं असून एका परिच्छेदात संपलं. सीमाभागातल्या मराठी शाळेत कानडी राणी आणि कानडी शाळेत मराठा राजा, दोघांनाही पाहुण्यासारखं वागवतात, असं माझं मत.

वाड्यात शाळेची सहल आलेली. पोरं कोनाड्यांत चढून बसली होती, एका कोनाड्यात एक, निळे-पांढरे गणवेश, आणि खाली बाई शिट्टी वाजवून दमल्या होत्या. राजधानीचा फोटो मला इथं मिळाला असं म्हणायला हरकत नाही. रिकाम्या भिंतीचे बरेच काढले होते, ते सगळे त्यानंतर पुसून टाकले.

परतीला हायवे. हलगा-बस्तवाड जवळ आलं तसा सुवर्णसौध दिसायला लागला. टेकाडावर, पांढराशुभ्र, उद्याच्या तयारीसाठी दिवे लावलेले. 2006 साली पहिलं अधिवेशन केएलई शिक्षणसंस्थेच्या आवारात झालं. ही इमारत 2012 च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी उघडली. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकचं हा सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि ही इमारत त्याला दिलेलं दगडी उत्तर आहे, असं इकडं दोन्ही बाजू मानतात, एक अभिमानानं आणि एक रागानं. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या एकीकरण समितीचा महामेळावा असायचा. अलीकडं परवानगी मिळत नाही आणि धरपकड होते. उद्याही रस्त्यावर बॅरिकेड असणार, म्हणजे हळदीला सकाळी लवकर निघावं लागणार.

या इमारतीचा सगळ्यात गाजलेला फोटो कुठल्या प्रेस फोटोग्राफरच्या मोठ्या लेन्समधला नाही. 2022 मध्ये साफसफाईच्या एका बाईनं समोरच्या मोकळ्या फरशीवर शेवया आणि पापड वाळत घातले होते. तो फोटो घरोघरी मोबाइलवर फिरला. तिची नोकरी अडचणीत आली, पण फोटोग्राफर म्हणून सांगतो, त्या जागेचा उपयोग तेवढा नेमका कुणीच दाखवलेला नाही.

सर्व्हिस रोडला गाडी लावली, ट्रायपॉड काढला. एक हवालदार चालत आला. ‘फोटो तगीब्याडरी. गाडी तगीरी.’ फोटो काढू नका, गाडी काढा. मी कानडीतून म्हटलं, एकच काढतो साहेब, लांबूनच. माझ्या कानडीवरून त्याला काय ते कळलं. ‘निपाणीचं काय?’ स्वच्छ मराठीत. तो चिकोडीकडचा निघाला. बंदोबस्ताला आठ दिवस इथंच, शाळेच्या वर्गात झोपायचं. बॅगेवरचं आमचं नाव वाचून म्हणाला, ‘लग्नाचं करता? माझ्या पुतणीचं हाय फेब्रुवारीत. कसा घेता?’

दर सांगितला. त्यानं तोंड वाकडं केलं. भाच्यानं अल्बमची पानं वाढवून दिली. ‘ड्रोन हाय काय?’

‘हाय की,’ भाचा डिकीकडं निघाला.

मी आणि हवालदार एकदमच ओरडलो, ‘आरं, हितं नको!’

त्यानं नंबर घेतला, हजार रुपये कमी करा म्हणाला, पाचशेवर तुटलं. मग सौधाकडं पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, काढा पटदिशी, मी तिकडं बघतोय.